'कंदिसा' पहिलं कशावरून?

इंडियन ओशन या बँडची गाणी क्रमाने लावायला बसलेले चार लोक बाकी कशावरही भांडतील, पहिल्या जागेवर भांडणार नाहीत. तिथे 'कंदिसा' आधीच जाऊन बसलेलं असतं. दुसरं 'बंदे'. तिसरं 'मा रेवा'. चौथ्या-पाचव्या जागेसाठी 'झिनी' आणि 'हिल्ले ले' यांची ढकलाढकली, आणि तिथून खाली ज्याची त्याची मर्जी. यादीच्या तळाशी एक टीप असते, कधी लिहिलेली, बहुतेकदा गृहीत धरलेली: बँडचा गायक-तबलजी असीम गेल्यानंतरचं काही यात धरलेलं नाही. कॉलेजातल्या पोरांपासून विशीत कॅसेटी झिजवून आता पन्नाशीला टेकलेल्या लोकांपर्यंत ही यादी जवळपास तशीच ऐकायला मिळते. चाहत्यांमध्ये इतकं एकमत असणं हेच मुळात संशयास्पद. माझा आक्षेप पहिल्या जागेवर आहे, आणि त्याहून जास्त त्या तळच्या टिपेवर.

त्याआधी वाटेत आडवे येणारे एक गृहस्थ बाजूला करू. यादीचा विषय निघाला की ते हमखास म्हणतात, 'गाण्यांना कसले नंबर लावता? संगीत म्हणजे काय घोड्यांची शर्यत आहे?' ऐकायला फार सात्त्विक. पण हेच गृहस्थ भीमसेन मोठे की कुमार यावर सवाई गंधर्वच्या मंडपाबाहेर चहा गार होईपर्यंत बोलतात. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्री कोण कोणावर चढलं हा वाद, ते दोघं आणि तो प्रयोग पाहिलेले सगळे गेले तरी चालूच आहे. बिनाका गीतमालेत कुठलं गाणं कितव्या पायदानावर आहे हे ऐकायला बुधवारी रात्री रेडिओ सिलोनला कान लावून बसलेली पिढी आपल्याच घरातली. तेव्हा क्रमवारी हे बाहेरून आलेलं खूळ आहे, असं आम्हाला कोणी सांगू नये. क्रम लावायचा तर कारण द्यावं लागतं, आणि कारण द्यायचं तर गाणं पुन्हा नीट ऐकावं लागतं. सगळीच गाणी आपापल्या जागी छान आहेत असं म्हणणाऱ्याला ती मेहनत टाळायची असते.

कारण द्यायचं म्हणजे आधी कसोटी सांगायला हवी. माझी कसोटी या बँडच्या घडणीतून येते. सुष्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये दिल्लीत हा बँड उभा केला. राहुल राम १९९१ मध्ये आला, अमित किलम १९९४ मध्ये, आणि पुढची पंधरा वर्षं हे चौघं बदलले नाहीत. सुष्मितची गिटार रॉकच्या वाटेने कमी आणि रागांच्या वळणाने जास्त जाणारी. राहुलचा बेस असा, की मागे राहून नुसता टेकू देणं त्याला जमतच नाही, तो स्वतःच धून वाजवायला लागतो. अमितचे ड्रम, आणि मध्येच काखेत धरलेली बाऊलांची गबगुबी. आणि असीम, मांडी घालून बसलेला, समोर तबला, आजूबाजूला इतर तालवाद्यं, दोन्ही हात चालू आणि वर गाणंही. आपल्याकडे तबलजीने गाणं तसं क्वचित, आणि तबला वाजवता वाजवता मुख्य आवाज सांभाळणं त्याहून क्वचित. ड्रम आणि तबला एका मंचावर आले की बहुधा एक दुसऱ्याचा आवाज खातो. इथे तसं होत नाही. अमित वजन खाली ठेवतो आणि असीमची बोटं वरच्या मोकळ्या जागेत खेळतात. पुढे उभा राहून टाळ्या घेणारा एक नायक या बँडला नव्हताच. म्हणून त्यांच्या गाण्यांतलं वरचं कोणतं हे ठरवताना मी एवढंच विचारतो, की चौघं एकाच वेळी, आपापल्या पूर्ण ताकदीने, ऐकू येतात का?

'कंदिसा' या कसोटीला अर्धंच उतरतं. आधी त्याचं देणं देऊन टाकतो. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची ही जुनी प्रार्थना, अरामीच्या कुळातल्या सिरियाक भाषेतली. दिल्लीच्या चार जणांनी ती उचलावी, वर २००० सालच्या आपल्या अल्बमला तिचंच नाव द्यावं, टाइम्स म्युझिकसारख्या कंपनीने तो काढावा आणि लोकांनी तो डोक्यावर घ्यावा, हे हिंदी पॉपच्या नाचऱ्या व्हिडिओंच्या त्या वर्षांत कोणाच्याही हिशेबात बसणारं नव्हतं. गाणं सुरू होतं ते संथ. आवाज एकमेकांना लागून चालतात, तेच थोडे शब्द फिरून फिरून येतात, हळूहळू ताल भरत जातो आणि शेवटाला सगळं ओसंडून वाहतं. एक लांब चढण. ती त्यांनी अप्रतिम बांधली आहे, यात वाद नाही.

पण त्या चढणीला रस्ता एकच आहे. प्रार्थनेची चाल मुळातच पूर्ण, किती पिढ्यांच्या तोंडून फिरून घडलेली. तिच्यात शिरून काही वळवायला, मोडायला जागा नाही, आणि बँडनेही शहाणपणाने ती मोडली नाही. त्यामुळे सुष्मितची गिटार बहुतेक वेळ आवाजांना जागा करून देते. बेस पायाशी थांबतो. असीम गातो अफाट, पण त्याच्या हातांना फारसं काम मिळत नाही. गळे पुढे आणि बाकी सगळे त्यांच्या सेवेत. यादीवाले म्हणतील, हा संयमच तर मोठेपणा. संयम हा गुण आहे, कबूल. पण चौघांना जे येतं त्यातलं बहुतेक बाजूला ठेवून जे उभं राहिलं, त्यालाच त्या चौघांचं सर्वोत्तम काम म्हणायचं, हे काही पटत नाही.

मग त्यांचा दुसरा मुद्दा येतो: 'भाषा कळत नाही तरी डोळ्यांत पाणी येतं.' येतं, माझ्याही येतं. पण न कळण्यात एक सोय असते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. कार्यक्रमात 'कंदिसा' सुरू झालं की अख्खं मैदान डोळे मिटतं आणि प्रत्येक जण त्या अनोळखी अक्षरांत आपल्याला हवं ते भरून घेतो. कोणी शांती, कोणी प्रेमभंग, कोणी नुसता उदबत्तीचा वास. केरळच्या चर्चमध्ये ती प्रार्थना म्हणणाऱ्याला ही मोकळीक नाही. आपण कोणाला विनवतोय आणि कशासाठी, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आपल्याला मात्र ते गाणं काहीच विचारत नाही. जे गाणं काही विचारत नाही ते सगळ्यांना एकदम आवडणं सोपं जातं. यादीतल्या त्या संशयास्पद एकमताचं निम्मं गुपित तिथे आहे.

'बंदे'वर फार वेळ घालवणार नाही. पीयूष मिश्रांचे शब्द, अनुराग कश्यपचा 'ब्लॅक फ्रायडे', विषय १९९३ चे मुंबईतले बॉम्बस्फोट. खटल्याचा निकाल लागेपर्यंत चित्रपट दाखवू नये असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं आणि तो पडद्यावर यायला फेब्रुवारी २००७ उजाडला. गाणं मात्र त्याआधीच बाहेर पडून कॉलेजांतल्या गिटारींवर चढलं होतं. मुंबईकराला ते पोटतिडकीने गावंसं वाटतं यात नवल नाही. तरी ते शब्दांचं गाणं आहे. मिश्रांची ओळ पुढे निघते आणि बँड तिच्यामागून शिस्तीत चालतो. दुसरी जागा त्याला जरा जास्त होते, चौथी बरोबर.

आता 'मा रेवा'. हे तिसरं का, असं यादीवाल्यांना विचारलं की उत्तर बहुधा एकच मिळतं: 'मस्तच आहे, पण शेवटी लोकगीत आहे ना.' जणू 'कंदिसा' यांनी घरी बसून रचलं होतं! दोन्ही गाणी उचललेली, एक चर्चमधून, दुसरं नर्मदेच्या काठावरून. मग उचललेल्याचं पुढे केलं काय, एवढाच प्रश्न उरतो. नदीकाठचं गाणं राहुल रामने कुठल्या संग्रहातून शोधून काढलेलं नाही. कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट घेऊन हा माणूस परत आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात दाखल झाला. 'मा रेवा' त्याला खोऱ्यात मिळालं.

बँडच्या हातात आल्यावर त्याचं काय झालं, ते एकदा हेडफोन लावून, आवाज जरा वाढवून ऐका. राहुलचा बेस एक ठोकेबाज चाल धरतो. ती चाल एकटीच गुणगुणता येते, वर शब्द नसते तरी चाललं असतं. तिच्यावर अमित आणि असीम दोन वेगळ्या पोताचे ताल टाकतात. एकाचा ठोका कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला हे शोधत बसलात तर गाणं पुढे निघून जातं, म्हणून ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. वर राहुलचा उघडा, किंचित खरबरीत आवाज, घोळक्यात, माइकशिवाय गायची सवय असलेल्या माणसाचा. त्याला असीमचा तयार गळा येऊन मिळतो तेव्हा दोघांमधला फरक कोणी झाकत नाही. झाकला असता तर गाणं गोड झालं असतं आणि संपलं असतं. मग सुष्मित शिरतो, त्या साध्या चालीला धरून तिला भलतीकडे घेऊन जातो आणि काही झालंच नाही अशा थाटात जागेवर आणून सोडतो. इथे कोणी कोणाच्या सेवेत नाही. चौघंही पूर्ण ऐकू येतात. शिवाय या गाण्यावर नाचता येतं, ही काही किरकोळ गोष्ट समजू नये.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'तुम्ही चळवळीचं पुण्य गाण्याच्या खात्यावर जमा करताय.' तर बघू या. गाण्यात धरणाचं नाव नाही, घोषणा नाही, आरोप नाही. नदीचं कौतुक आहे, बस. पण ती नदी आपल्या राज्याच्या हद्दीवरून सुमारे ५४ किलोमीटर वाहते. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतली. त्यातलं पहिलं मणिबेली. १९९० नंतरच्या पावसाळ्यांत तिथे चाललेल्या सत्याग्रहांमुळे त्या एवढ्याशा गावाचं नाव जागतिक बँकेच्या दारापर्यंत गेलं, आणि १९९३ मध्ये बँकेचा या प्रकल्पातला पैसा थांबला. धरण थांबलं नाही. ते १३८.६८ मीटरपर्यंत चढलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. एवढं ठाऊक असण्यात पुण्यबिण्य काही नाही, हा त्या गाण्याचा पत्ता आहे. मराठी वाचक नर्मदा परिक्रमेच्या पुस्तकांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या संपवतो, जगन्नाथ कुंट्यांच्या 'नर्मदे हर हर'ची पारायणं करतो, आणि 'मा रेवा' लागलं की 'ते नर्मदेवरचं लोकगीत' म्हणत त्याला तिसऱ्या जागेवर सरकवतो. 'कंदिसा'च्या पावित्र्याला गुण द्यायचे आणि 'मा रेवा'च्या पाण्याला द्यायचे नाहीत, हा कुठला न्याय? गाण्याबाहेरचं काही मोजायचं नसेल तर दोन्हीकडचं वजा करा. जे नुसतं गाणं-वाजवणं उरेल, त्याचा हिशेब वर मांडलाच आहे.

याच कसोटीने यादीतली आणखी एक गोम उघडी पडते. शब्द नसलेल्या रचनांना तिथे प्रवेशच नाही. 'डेझर्ट रेन' हा अख्खा अल्बम १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत, सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ 'सहमत'ने केलेल्या कार्यक्रमात, लोकांसमोर वाजवतानाच मुद्रित झालेला. चुकलं तर पुन्हा घेऊ, ही स्टुडिओची चैन तिथे नव्हती. ज्यांना या बँडमध्ये गिटार आणि तबला एकमेकांशी काय बोलतात ते समजून घ्यायचं आहे त्यांनी त्याच नावाची रचना ऐकावी, नंतर 'मेलन्कॉलिक एक्स्टसी', आणि मग 'झिनी' अल्बममधलं 'टॉरंट'. यादीवाल्यांचं म्हणणं, गाण्यांच्या यादीत गाणी हवीत, म्हणजे शब्द हवेत. मैफिलीत तराण्याला मान डोलावणाऱ्या लोकांनी हे म्हणावं! आणि शब्दांचा एवढा आग्रह असेल तर ज्याचा एक शब्द कळत नाही ते 'कंदिसा' पहिलं कसं, हेही एकदा सांगून टाकावं.

आता ती टीप. असीम २५ डिसेंबर २००९ ला गेला. 'असीम गेला तिथे बँड संपला' हे वाक्य प्रेमापोटी येतं, म्हणून ते खोडायला कोणी धजत नाही. मी खोडतो, कारण त्यात नुकसान असीमचंच आहे. '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम बाहेर येऊ लागला जुलै २०१० मध्ये. नाव म्हणजे करोल बागेतल्या त्या जुन्या बंगल्याचा पत्ता, जिथे चौघं वर्षानुवर्षं तालीम करायचे. सात गाणी, आणि त्यांत असीम आहे, त्याचा गळा, त्याचा तबला. २००९ ला रेघ मारणारे असीमच्या नावाने असीमलाच यादीबाहेर काढतात. त्यातलं 'शून्य' किती जणांनी ऐकलंय? 'बोंधू'? 'डरते हो' ही न. म. राशिद यांची नज्म 'पीपली लाइव्ह'मुळे थोडी तरी कानावर पडली, नाहीतर तिचीही तीच गत होती.

ही गाणी यादीत का नाहीत याचं कारण संगीतात नाही, खिशात आहे. बँडने ती एकेक करून, दर महिन्याला एक, फुकट देऊन टाकली. पैसे मोजून आणलेल्या कॅसेटला घरात जो मान होता, तो फुकट उतरवून घेतलेल्या फाइलला मिळाला नाही. एक गाणं आलं, ऐकलं, पुढचं यायला महिना, तोवर आधीचं विसरलं. अल्बम म्हणून तो कोणाच्या मनात जमलाच नाही. चाहत्यांच्या कानावर पडायच्या आधीच तो त्यांच्या लेखी स्वस्त झाला होता.

त्यापुढच्या काळाबद्दल मी भाबडा नाही. हिमांशु जोशी गायला आला, तुहीन चक्रवर्ती तबल्यावर बसला. २०१३ मध्ये सुष्मितही बाहेर पडला आणि त्याच्या जागी निखिल राव आला. २०१४ च्या 'तांदानू'त शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट असे मोठे पाहुणे आहेत, आणि पाहुण्याला मानाने पाटावर बसवताना घरचे कमी बोलतात तसं बऱ्याच ठिकाणी झालं आहे. माझ्या कसोटीला तो अल्बम खाली जातो. 'मसान'मधलं 'तू किसी रेल सी' मी कितीही वेळा ऐकेन, पण त्यात पुढे आहेत ते वरुण ग्रोवरचे शब्द आणि स्वानंद किरकिऱ्यांचा आवाज. चित्रपटाला तेच हवं होतं. बँडच्या यादीत ते मी पहिल्या दहात घेणार नाही. २०२३ मध्ये 'तू है' हा अल्बम आला. तो आवडणं न आवडणं ज्याचं त्याचं, पण आधी ऐकावा तर लागेल. जे बाद करायचं ते ऐकून करा. वर्ष बघून बाद करणं हे कारकुनाचं काम झालं, चाहत्याचं नव्हे.

माझी यादी मागितलीत तर अशी आहे: 'मा रेवा', 'डेझर्ट रेन', 'कंदिसा', 'बंदे'. 'कंदिसा'ला तिसऱ्या जागेवर बघून ज्यांना राग येईल त्यांनी 'मा रेवा' इतकी वर्षं त्याच जागेवर बसलं होतं हे आठवावं, तेव्हा कोणाला राग आला नव्हता. पाचव्या जागेबद्दल मात्र माझंच नक्की होत नाही. आज तिथे 'झिनी' आहे. कुमारांच्या निर्गुणी भजनांवर वाढलेल्या मराठी कानाला या बँडचा कबीर आधी खटकतो आणि मग सोडत नाही. पण गोरख पांडेंच्या भोजपुरी शब्दांवरचं 'हिल्ले ले' चौघांना जास्त कामाला लावतं, आणि 'शून्य' त्या दोघांच्याही पुढे जाईल की काय अशी मला हल्ली शंका येते. या जागेवरून भांडायला कोणी येत असेल तर जरूर यावं, फक्त खजूर रोडची सातही गाणी ऐकून यावं.